सांधेदुखीची वही: रोज पाच मिनिटांत काय लिहायचं

"केवुं छे, बेन?" डॉक्टर विचारतात आणि आपण म्हणतो, "सारुं छे." बडोद्यातल्या दवाखान्यांत हे रोज चालतं. मागच्या महिन्यात कितीतरी रात्री झोप लागली नव्हती, कणीक अर्धी मळून सोडून द्यावी लागली होती, हे सगळं त्या 'सारुं छे'खाली दडून जातं. बाहेर माणसं ताटकळत बसलेली असतात, डॉक्टरांना घाई असते आणि नेमकं त्या दिवशी आपल्याला जरा बरं वाटत असतं. याच्या उलटही होतं. आज ठणका असला की मागचे तीन बरे आठवडे आठवतच नाहीत. दुखण्याची आठवण अशीच असते: सगळ्यात वाईट दिवस आणि अगदी अलीकडचे दिवस तेवढे लक्षात राहतात, मधलं सगळं पुसलं जातं. औषध वाढवायचं, कमी करायचं की बदलायचं हे मात्र त्या मधल्या दिवसांवरूनच ठरवायचं असतं.

म्हणून वही ठेवायची. आमच्या घरी दोन वह्या आहेत. आईचे गुडघे झिजलेत आणि मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. ओळखीचे लोक दोन्हींना 'संधिवात'च म्हणतात, पण वह्या शेजारीशेजारी उघडल्या की दोन वेगळे आजार स्पष्ट दिसतात. नव्याने निदान झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मी जे तोंडी सांगत असते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उपचार डॉक्टरच ठरवणार. त्यांना ठरवायला नेमकी माहिती मिळावी, एवढंच वहीचं काम.

आधी वही, मग पहिलं पान

साधी शंभर पानी वही पुरते. फार जाड घेऊ नका, दवाखान्यात पिशवीतून नेता आली पाहिजे. बोटं आखडत असतील तर जाड पेन घ्या किंवा पेनाला रबरबँड गुंडाळा, पकड सोपी होते. लिहिणंच जड जात असेल तर मोबाईलमध्ये बोलून टाइप करा. मराठी बोललेलं हल्ली बऱ्यापैकी नीट उमटतं. मला वही बरी वाटते कारण महिना एका नजरेत चाळता येतो, पण ज्यात रोज लिहिलं जाईल तेच तुमच्यासाठी चांगलं.

पहिल्या पानावर आजाराचं नाव, चालू औषधांची नावं आणि डोस, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्तदाब-मधुमेह काही असेल तर ते, आणि डॉक्टरांचा नंबर. या पानाचा आणि शेवटच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी लोक घरात अडकून पडले होते. अशा वेळी शेजारचा मुलगा दुकानात जाऊन औषध आणू शकतो, पण नाव आणि मिलीग्रॅम तुम्ही त्याला अचूक सांगायला हवं.

लिहायचं दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. रात्री जेवणं आटोपल्यावरची वेळ बहुतेकांना जमते. फक्त सकाळची जखडण सकाळीच टिपून ठेवा, कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिला तरी चालेल. दिवसभर दर तासाला दुखणं मोजत बसू नका. सतत लक्ष दिलं की ते जास्त जाणवतं. पाच मिनिटं लिहायचं, वही मिटायची, दुसऱ्या कामाला लागायचं.

सकाळची जखडण मिनिटांत

एकच गोष्ट लिहिणार असाल तर ही लिहा. जाग आल्यापासून सांधे 'आता सुटले' असं वाटेपर्यंत किती मिनिटं गेली? नुसतं 'सकाळी आखडतं' याचा डॉक्टरांना फार उपयोग नाही. झिजेच्या संधिवातात ही जखडण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटते. आमवातात ती तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकते, कारण तिथे सांध्याच्या अस्तराला दाह झालेला असतो. आईच्या वहीत सकाळच्या रकान्यात दहा, पंधरा, दहा असे आकडे असतात. माझ्या वाईट काळातल्या पानांवर नव्वद आहे.

'सुटले' म्हणजे काय, हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर रोज वेगळं मोजाल. मी वेणीवर ठरवलंय. तिन्ही पेड न थांबता घालता आले की घड्याळ बघायचं. कुणी गॅसचं बटण सहज फिरण्यावर ठरवेल, कुणी शर्टाच्या गळ्याच्या बटणावर.

आमवाताच्या मुख्य औषधांचा गुण दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात माणूस खचतो, 'काही फरक नाही' म्हणून औषध सोडूनही देतो. नव्वदचे सत्तर, सत्तरचे पंचावन्न असं खाली येणं अंगाला लगेच कळत नाही, पण रकान्यात उतरलेलं दिसतं. त्या आठवड्यांत मला दुसऱ्या कशापेक्षाही या रकान्याचाच आधार होता.

शून्य ते दहा

शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. ही मोजपट्टी सगळ्या डॉक्टरांना कळते. अडचण एवढीच की माझे पाच आणि तुमचे पाच सारखे नसतात, आणि माझे आजचे पाच पुढच्या महिन्यातल्या पाचांसारखे राहतील याचीही खात्री नसते. म्हणून पहिल्या पानाच्या मागे आपली पट्टी लिहून ठेवा. माझी अशी आहे:

३ : दुखतंय, पण कामात असले की विसर पडतो.
५ : काम होतं, पण मधे थांबावं लागतं.
८ : झोप लागत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

ही पट्टी मधेच बदलायची नाही. दिवसाचे दोन आकडे पुरतात, एक सकाळचा आणि एक रात्रीचा. झिजलेला गुडघा वापरानंतर, संध्याकाळकडे जास्त बोलतो आणि विश्रांतीने शांत होतो. दाहाचा संधिवात सकाळी जास्त असतो आणि हालचालीने थोडा मोकळा होतो. दोन आकडे असले की हा फरक आपोआप उमटतो. आज चार, उद्या पाच झाले म्हणून घाबरू नका. या पट्टीवर साधारण दोन अंकांचा फरक टिकून राहिला तर तो खरा बदल धरतात.

थकव्याला वेगळा आकडा द्या. आमवातात दुखणं तीन आणि थकवा आठ असं असू शकतं, आणि घरच्यांना हेच सगळ्यात उशिरा पटतं.

कुठे आणि कसं

कोणते सांधे, उजवे की डावे की दोन्ही, ते लिहा. हाताच्या पंजाची साधी आकृती काढून त्यावर खुणा केल्या तर आणखी चांगलं. आमवात बहुधा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना एकत्र धरतो. रात्रीतून पायाच्या अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही नको झाला तर तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, असू शकतो. पहाटे पहाटे कंबर दुखून जाग येते आणि उठून फिरलं की बरं वाटतं, ही तरुण माणसांतली तक्रार पाठीच्या कण्याच्या दाहाची असू शकते. दुखणं कसं आहे तेही एका शब्दात लिहा: ठणका, चमक, रग, जळजळ, मुंग्या. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर डॉक्टर नसेचाही विचार करतात.

सूज मात्र लिहू नका, तिचा फोटो काढा. भेटीच्या दिवशी ती हमखास उतरलेली असते. दोन्ही हात किंवा दोन्ही गुडघे शेजारीशेजारी ठेवून, दरवेळी त्याच खिडकीच्या उजेडात फोटो घ्या, म्हणजे तुलना करता येते. डॉक्टर आमवात मोजताना बहुधा अठ्ठावीस सांधे दाबून बघतात. त्यांत पावलं आणि घोटे येत नाहीत. तुमचा त्रास पावलांत असेल तर तो तुम्हीच आवर्जून सांगायला हवा.

आकड्याहून काम महत्त्वाचं

वहीतला हा भाग नवखी माणसं गाळतात, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. दुखणं किती आहे याबरोबरच आज हातापायांनी काय केलं, काय नाही केलं, हे लिहा. 'सहा' हा आकडा मूडप्रमाणे सरकतो. कुकरचं झाकण उघडलं की नाही उघडलं, त्यात सरकायला जागा नाही.

आपल्या रोजच्या जगण्यातली तीन कामं निवडा. ती जवळजवळ रोज करावी लागणारी, दुसऱ्याची मदत न घेता करायची आणि त्रास होणाऱ्या सांध्याचाच कस लागेल अशी हवीत. बोटं-मनगटांसाठी कुकरचं झाकण, दुधाची पिशवी कापणं, साडीची सेफ्टीपिन, कुलपात किल्ली फिरवणं, टॉवेल पिळणं. खांद्यासाठी वरच्या फळीवरचा डबा काढणं किंवा ब्लाउजचे हूक लावणं. गुडघ्यांसाठी जिना, देवापुढे मांडी घालून बसणं, रिक्षात चढणं, खालून उठणं. पावलांसाठी अंथरुणातून उतरल्यावरची पहिली दहा पावलं.

आईची तीन कामं अशी आहेत: जिना, हिंचक्यावरून हात न टेकता उठणं आणि सकाळची पूजा खाली बसून करणं. दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना उभट असतो. तिथे राहणाऱ्या माणसाचा गुडघा कसा आहे, ते तपासायच्या टेबलापेक्षा त्या जिन्यावर लवकर कळतं. चढणं आणि उतरणं वेगळं लिहा. वाटीमागे झीज असेल तर उतरताना जास्त दुखतं. प्रत्येक कामापुढे एकच खूण करायची: 'हो', 'कसंबसं' किंवा 'नाही'.

आईच्या डॉक्टरांनी या रकान्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "पूजा खाली बसून बंद केव्हापासून?" त्यांनी ते विचारल्यावर व्यायामाचं बोलणं निघालं, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले. नुसत्या 'गुडघा दुखतो' या वाक्यातून ते निघालं नसतं.

माझ्या वहीतलं एक पान कसं दिसतं ते दाखवते:

मंगळवार. जखडण ५० मि. दुखणं सकाळी ६, रात्री ४. थकवा ७. उजवं मनगट, डाव्या हाताचं मधलं बोट, ठणका. झोपेत दोनदा जाग. नेहमीची औषधं घेतली, दुखण्याची गोळी १ (दुपारी ४). वेणी हो, कुकर नाही, सेफ्टीपिन कसंबसं. काल: मोदकांच्या पाऱ्या वळल्या. हवा: ढगाळ.

एवढंच. सविस्तर निबंध लिहायला गेलात तर चार दिवसांनी वही बंद पडेल.

गोळ्या

नेहमीच्या औषधांना टिकमार्क, आणि दुखण्याची जास्तीची गोळी घेतली असेल तर नाव, संख्या, वेळ. ही संख्या प्रामाणिकपणे लिहा, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली असली तरी. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम करू शकतात. महिन्याला किती पोटात गेल्या हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. शेजारणीने दिलेलं चूर्ण, काढा, परगावाहून मागवलेल्या बिननावाच्या पुड्या, तेही सगळं लिहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं आणि ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

मेथोट्रेक्सेट चालू असेल तर हे दोनदा वाचा. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि अशा चुका खरोखर होतात. वार ठरवा, त्या वाराच्या पानावर आधीच लाल शाईने 'आठवड्याची गोळी' लिहून ठेवा, घेतल्यावर टिक करा. त्यासोबतचं फोलिक ॲसिड डॉक्टरांनी ज्या दिवशी सांगितलं असेल त्या दिवशी. रक्ततपासणीच्या तारखाही याच वहीत लिहा.

'काल'ची ओळ

सांधे पुष्कळदा एक दिवस उशिरा तक्रार करतात. म्हणून आजच्या दुखण्यापुढे काल काय वेगळं केलं ते लिहायचं. आईचं दुखणं शुक्रवारी वाढायचं. गुरुवारी तिचा उपास असतो, तेव्हा सगळ्यांचा संशय साबुदाण्यावर आणि दह्यावर. 'काल'ची ओळ वाचत गेल्यावर दिसलं की गुरुवारी संध्याकाळी ती भजनाला जाते आणि तिथे तास-दीड तास मांडी मोडून बसते. आता खुर्चीवर बसते. साबुदाणा तसाच चालू आहे आणि शुक्रवार बाकीच्या दिवसांसारखे झालेत.

आपल्याकडे आंबट, वातूळ, थंड अशा पदार्थांवर पटकन आळ येतो. एखाद्या पदार्थाचा खरंच संशय असेल तर तो एकटाच तीन-चार आठवडे बंद करून बघा, मग पुन्हा सुरू करा आणि रकाने ताडून पाहा. पाच पदार्थ एकदम सोडले तर काहीच कळत नाही, वर अशक्तपणा येतो. गाऊटचं वेगळं आहे. तिथे मद्य, मांसाहार आणि पाणी कमी पिणं यांचा संबंध पक्का आहे, ते जरूर लिहा.

गुडघ्यांचा त्रास असेल तर आठवड्यातून एकदा, त्याच वारी, वजन लिहा. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. चालणं फेऱ्यांत न लिहिता मिनिटांत लिहा. कमाटीबागेत कोण कुठून वळतो त्यावर फेरी लहानमोठी होते. किती मिनिटांनी बसावंसं वाटलं, हा आकडा जास्त बोलका.

हवा आणि बडोद्याचं वर्ष

पावसाळी हवेत सांधे जास्त दुखतात हे आपण आजीपासून ऐकतोय. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासण्यासाठी हेच केलं. लोकांनी रोज मोबाईलवर आपलं दुखणं नोंदवलं आणि त्यांच्या ठिकाणच्या हवामानाशी ते ताडून पाहिलं. २०१९ मध्ये २,६५८ जणांच्या नोंदींवरचे निष्कर्ष आले: हवेतली आर्द्रता जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा असला की दुखण्याची शक्यता वाढते, पण थोडीच. म्हणजे हवेला एक शब्द द्या, सगळा दोष देऊ नका. ढगाळ हवेत आपलं फिरणंही कमी होतं, ते आधी बघा.

इथल्या वर्षात काही आठवडे वहीवर ठळक उमटतात. गणपतीत बसून करायची कामं, गौरींची तयारी. नवरात्रात गरबा खेळला नाही तरी मध्यरात्रीपर्यंत जागरण होतं, आणि अपुऱ्या झोपेने दुखणं वाढतंच. उत्तरायणात पतंगांसाठी दिवसभर गच्चीवर उभं राहणं, दहादा जिना, मान वर. हे सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. सणाच्या आधीचे आणि नंतरचे तीन दिवस मात्र नीट लिहा. पुढच्या वर्षी कोणतं काम वाटून द्यायचं, गच्चीवर खुर्ची केव्हा न्यायची, हे त्यावरून ठरवता येतं.

पावसाळ्यानंतर ताप येऊन सांधे धरले असतील तर तापाची तारीख नक्की लिहा. चिकनगुनियाची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळू शकते आणि आमवातासारखीच दिसते. तारीख माहीत असली की डॉक्टरांचा तपास सोपा होतो.

भेटीच्या आदल्या रात्री एक पान

पूर्ण वही डॉक्टरांपुढे ठेवू नका, ती वाचायला त्यांना वेळ नसतो. एक पान काढा. सरासरी जखडण महिन्याच्या सुरुवातीला किती आणि शेवटी किती. दुखण्याचे आकडे कुठून कुठे. वाईट दिवस किती. दुखण्याच्या गोळ्या एकूण किती. तीन कामांपैकी कोणतं सुधारलं, कोणतं बंद पडलं. खाली दोन प्रश्न, जास्त नाही. पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असू द्या, कारण दुसऱ्यापर्यंत पोहोचू याची खात्री नसते.

आपण वही मराठीत लिहितो, डॉक्टर बहुधा गुजराती. त्यांच्यातल्या काहींना मराठी वाचता येतं, काहींना नाही. या एका पानावर आकडे इंग्रजी घाला आणि शब्द कमीत कमी ठेवा. कामांची नावं तोंडी सांगता येतात.

वहीत न लिहिता लगेच जायचं ते

एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर तो लवकर खराब होतो. दुखण्याच्या गोळ्या चालू असताना काळी शौच, मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप, पाय लुळे पडणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही पुढच्या भेटीपर्यंत थांबवायचं नाही.

एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका, ती चौकट रिकामी सोडा. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा रिकामी चौकट बरी. पहिले तीन महिने रोज लिहा. औषध लागू पडून आकडे स्थिर झाले की आठवड्यातून दोन ठरलेले दिवस पुरतात, आणि भेटीच्या आधीचे सात दिवस पुन्हा रोज. औषध बदललं, डोस कमी केला किंवा नवा सांधा धरला, तर त्या दिवसापासून पुन्हा रोजची नोंद सुरू करा.